रानवाटेलाही वाफसा असतो



गेल्या काही वर्षांत आपल्या सातारा जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात एक नवाच पाहुणा येऊ लागला आहे. शनिवार-रविवारी सकाळी मोठ्या चाकांच्या, टपावर दिवे लावलेल्या, पुढे लोखंडी हूक असलेल्या जीपगाड्या पाच-दहाच्या रांगेने येतात. डांबरी रस्ता संपतो तिथून आपली एसटी माघारी वळते. यांची सहल तिथून पुढे सुरू होते. गुरांची वाट, सरपणाची वाट, वनखात्याने कधीकाळी काढलेला कच्चा रस्ता, ओढ्याचे पात्र, पठारावरचा सडा. जिथे गाडी जाऊ नये तिथे ती घालायची, अडकवायची आणि बाहेर काढायची, हीच यांची मौज. याला ते 'ऑफ-रोडिंग' म्हणतात. २०१० साली थार ही गाडी बाजारात आली, २०२० साली तिचा नवा अवतार आला आणि ही हौस पुण्या-मुंबईच्या श्रीमंतांपुरती राहिली नाही. आता कराड-साताऱ्याचीही पोरे या नादात आहेत.

यावर चावडीवर दोन मते ऐकू येतात. एक म्हणतो, "येऊ देत की. चार पैसे गावात येतील, आपल्या पोरांना रोजगार मिळेल." दुसरा म्हणतो, "वाटेत धोंडे टाका आणि बंद करा ही थेरं. आमच्या पाण्याची वाट लावली यांनी." दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण दोन्ही मते अर्धवट आहेत. प्रश्न गाडीचा नाही, शहरातल्या माणसाचा तर नाहीच नाही. प्रश्न आहे ओल्या मातीवर चाक घालण्याचा. शेतात आपण वाफसा आल्याशिवाय औत घालत नाही. रानवाटेलाही तसाच वाफसा असतो. तो आला की नाही हे गाडीवाल्याने नव्हे, तर गावाने ठरवायला हवे. एवढे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

एक दिवस गाडीत बसून

बाहेर उभे राहून टीका करणे सोपे असते. म्हणून आधी सांगतो, या खेळातला एक अख्खा दिवस मी गाडीत बसून काढला आहे. कृषी पदविकेला माझ्याबरोबर असलेले तीन मित्र दिवाळीनंतरच्या रविवारी आले. एकाची रोपवाटिका आहे, दुसरा ठिबकच्या धंद्यात आहे, तिसरा पुण्यात नोकरीला. दोन जीपगाड्या, आणखी दोघे जण धरून आम्ही सहा माणसे. पाटण तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यातली वाट होती, अभयारण्याच्या हद्दीबाहेरची. वनखात्याला आधी विचारून घेतले होते आणि गावातले एक आबा वाटाड्या म्हणून बरोबर घेतले होते. गावाचे नाव मुद्दामच देत नाही. छापून आले तर पुढच्या रविवारी तिथे पन्नास गाड्या उभ्या राहतील.

खरे सांगायचे तर मजा आली. खोटे कशाला बोलू? गाव सुटल्यावर मित्रांनी चारही चाकांतली थोडी थोडी हवा सोडली. तीस-बत्तीस पौंडांची हवा अठरा-वीसवर आणली. हवा कमी केली की चाक पसरते, जमिनीला जास्त जागा टेकते, भार वाटला जातो आणि चाक रुतत नाही. मग गाडी चारही चाकांच्या ताकदीवर घेतली. आपल्या ट्रॅक्टरला मागच्या दोन चाकांवर ओढ असते. एक चाक चिखलात फिरू लागले की आपण डिफरन्शियल लॉकचा पेडल दाबतो आणि दोन्ही चाके एकत्र फिरवतो. इथे पुढच्या चाकांनाही इंजिनाची ओढ मिळते, वर लो गिअर असतो. गाडी माणसाच्या चालीने, पण थांबता दगडांवरून चढते म्हटले तरी चालेल, इतकी हळू जाते. चांगला गाडीवान असेल तर इंजिन रेस करत नाही, चाक जागच्या जागी फिरू देत नाही. माझ्या मित्राने एका दगडाळ चढावर खाली उतरून आधी पायी वाट पाहिली, कोणत्या दगडावर कोणते चाक ठेवायचे ते ठरवले आणि मगच गाडी घातली. नांगरट करणारा जाणता माणूस जसा पहिले तास काढण्याआधी शेत पाहतो, तसेच हे.

वाट करवंदीच्या जाळ्यांतून, अंजन-जांभळीच्या सावलीतून वर गेली. वरच्या खिंडीतून कोयनेच्या बाजूचे डोंगर एकामागे एक दिसत होते. ज्या रानात मी कामासाठी पन्नास वेळा फिरलो, ते त्या दिवशी निवांत पाहायला मिळाले. दुपारी आबांच्या घरी पिठले, नाचणीची भाकरी आणि वरईचा भात असे जेवण झाले. दीडशे रुपये ताटाप्रमाणे सहा जणांचे नऊशे आणि वाटाड्याचे पाचशे, असे चौदाशे रुपये त्या एका घरात राहिले. हेही नोंदवले पाहिजे.

परतीच्या वाटेवर मात्र एक जागा अशी आली, की तिथेच हा लेख मनात सुरू झाला. उताराच्या खळग्यात ओल होती. दिवाळी होऊन गेली तरी सावलीतली आणि झऱ्याच्या वरच्या अंगाची जमीन वाळलेली नव्हती. आमच्या आधी कुठल्या तरी दुसऱ्या गाड्या तिथून गेल्या होत्या. एका गाडीने चिखल तुडवला, दुसरीने चिखल चुकवायला डावीकडून नवी वाट काढली, तिसरीने उजवीकडून. तीन मीटरची वाट दहा मीटर झाली होती. डावीकडची वाट सरळ सलग समतल चरावरून गेली होती. चराची खालची कड ढासळून चर तेवढ्या जागेत बुजला होता. एका ऐनाच्या झाडाला दोर गुंडाळून कोणीतरी अडकलेली गाडी ओढली होती. झाडाची साल निम्म्या वेढ्यात सोलली होती.

आबा गाडीतून उतरले, चिखलाकडे बघत म्हणाले, "सायेब, ह्येच्या खालीच आमचा झरा हाय. पावसाळ्यात जरा गढूळ यायचाच, पर औंदा दिवाळी झाली तरी निवळ येईना. बायका हांडा भरून ठेवत्यात आन् दुसऱ्या दिवशी वरचं पाणी वापरत्यात."

आमच्या गाड्या तिथूनच माघारी वळल्या आणि लांबच्या दगडी वाटेने खाली आल्या. मित्रांनी कुरकुर केली नाही. कारण डोळ्यांनी दिसत होते.

ही चिखलणीच आहे

तिथे नेमके काय घडले, ते भात लावणाऱ्या माणसाला वेगळे सांगायला नको. भाताच्या खाचरात आपण चिखलणी कशासाठी करतो? पाणी मुरू नये म्हणून. ओल्या मातीत औत फिरवले की मातीचे कण सुटतात, बारीक छिद्रे बुजतात, खाली घट्ट थर बसतो आणि पाणी वर उभे राहते. ओल्या रानवाटेवर जीपचे चाक फिरले की हुबेहूब तेच होते. फरक एवढाच, की आपले खाचर सपाट असते आणि त्याला चारही बाजूंनी बांध असतो. रानवाट उताराची असते आणि तिला बांध नसतो. मुरायचे बंद झालेले पाणी तिथे उभे राहत नाही, पळत सुटते.

पळायला त्याला वाटही तयार मिळते, ती म्हणजे चाकोरी. हिशेब करून पाहा. वीस सेंटीमीटर रुंद आणि पंधरा सेंटीमीटर खोल अशा दोन चाकोऱ्या शंभर मीटर लांब पडल्या, तर ती जागा सहा घनमीटर होते. म्हणजे दोन ब्रासच्या वर. पहिल्या दिवशी ही माती नुसती दबलेली, बाजूला सरकलेली असते. मोठा पाऊस आला की सैल झालेली कड धुऊन जाते. आता पाण्याचा हिशेब करा. तीन मीटर रुंद, शंभर मीटर लांब वाटेवर एक सेंटीमीटर पाऊस पडला, तरी तीन हजार लिटर पाणी होते. पूर्वी ते वाटभर पसरून कडेच्या गवतात मुरायचे. चाकोरी पडल्यावर ते सारे दोन नळ्यांतून उताराने धावते. धावणारे पाणी माती उचलते. पहिल्या वर्षी चाकोरी, दुसऱ्या वर्षी ओघळ, पाचव्या वर्षी घळ. मग गाडीवाले म्हणतात वाट खराब झाली, आणि शेजारून नवी वाट पाडतात.

चराचे नुकसान तर याहून जिव्हारी लागणारे. साठ सेंटीमीटर रुंद आणि तीस सेंटीमीटर खोल चर एका मीटरला एकशे ऐंशी लिटर पाणी धरतो. शंभर मीटरचा चर एकदा भरला की अठरा हजार लिटर. सावकाश जिरणारे हेच पाणी पुढे खालच्या विहिरीत आणि झऱ्यात दिसते. कोरेगाव तालुक्यातल्या वेळूसारख्या गावांनी २०१६ च्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत श्रमदानाने असे चर कसे खोदले, ते आपल्या जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. हातावर फोड येईपर्यंत टिकाव चालवलेल्या माणसालाच चराची किंमत कळते. एक चाक अर्ध्या मिनिटात तो बुजवून जाते, आणि गाडीवाल्याला आपण काय केले याचा पत्ताही नसतो. बुजल्या जागी भरलेले पाणी कड फोडून खालच्या चरावर कोसळते. मग एकाखाली एक चर फुटत जातात.

आपल्या जिल्ह्याची गंमत अशी, की महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास. पश्चिमेचा डोंगर धड राहिला तर पाणी सावकाश खाली येते. धड राहिला नाही तर माती घेऊन येते. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसे गेली. त्याला जीपगाड्या कारण होत्या असे कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण जिथे एका रात्रीत एवढे पाणी कोसळते, तिथल्या उतारावर उगाच ओरखडे काढू नयेत, इतके शहाणपण त्या पावसाने आपल्याला शिकवायला हरकत नाही.

आपल्या ट्रॉलीचे काय?

आता एक कडू गोष्ट. पाहुण्यांना नावे ठेवण्याआधी आपल्या दारातली पाणंद पाहा. पावसाळ्यात ट्रॉली भरून शेणखत नेणारे आपणच. उसाला तोड आली की ओल्या पाणंदीतून भरलेल्या ट्रॉल्या काढणारेही आपणच. जीपचे वजन दोन टनांच्या आतबाहेर. उसाने भरलेली ट्रॉली त्याच्या कितीतरी पट. एका हंगामात पाणंदीचा ओढा होतो, आणि मग पाणंद दुरुस्तीसाठी आपण पंचायत समितीत खेटे घालतो. शेतातसुद्धा वाफसा नसताना रोटाव्हेटर घालायचा आणि नंतर 'जमीन कडक झाली, मुळी खाली जाईना' म्हणून मला फोन करायचा, हे दर वर्षीचे आहे.

म्हणून नियम करायचा तर चाकाला करायचा, माणसाची जात-पात, गाव-शहर बघून नाही. जीपला बंदी आणि सरपंचाच्या भावाच्या ट्रॅक्टरला मुभा, असला ठराव चार दिवसही टिकत नाही. हंगामातली निकडीची शेतमालाची वाहतूक वेगळी धरा, पण वनवाटेवर नियम सगळ्यांना सारखा हवा.

सडा म्हणजे पडीक नव्हे

डोंगरमाथ्यावरचे सडे ही आणखी नाजूक जागा. वरून पाहिले तर नुसता जांभा दगड, पीक नाही, झाड नाही. त्यामुळे 'इथे गाडी फिरवली तर कोणाचे काय बिघडते' असे वाटते. पण त्या दगडावर दोन-चार बोटे माती असते. त्या तेवढ्या मातीत पावसाळ्यात तेरडा, सीतेची आसवे, कंदिलपुष्पासारखी रोपे उगवतात. कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले, ते याच दोन-चार बोटे मातीच्या जोरावर. अशी माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. चाकाने ती एकदा खरवडली की खाली दगड उघडा पडतो, आणि दगडावर पुन्हा माती पसरायला कोणती योजना नाही. शिवाय सड्यावरचे पाणी फटींतून उतरूनच खालचे झरे चालतात. सडा म्हणजे गावाचे छप्पर. छपरावर कोणी गाडी फिरवू देईल का?

देवराईचेही तेच. ग्रामपंचायतीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत आपल्या देवरायांची, झऱ्यांची, दुर्मिळ रोपांच्या जागांची नोंद असायला हवी. पुष्कळ गावांत ती वही कपाटात आहे. ती बाहेर काढा. गाडी कुठे जाऊ नये याचा नकाशा त्या वहीतूनच तयार होतो.

जमीन कोणाची, ते आधी पाहा

गावकारभाऱ्यांनी पहिला ठराव करण्याआधी तलाठ्याकडून आणि वनरक्षकाकडून एक गोष्ट समजून घ्यावी, की वाट कोणाच्या जमिनीतून जाते.

वाट राखीव वनातून जात असेल, तर भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे विनापरवाना घुसणे हाच गुन्हा आहे. तिथे परवानगी देणे किंवा नाकारणे वनखात्याच्या हातात. ग्रामपंचायतीने परस्पर पावत्या फाडल्या तर उद्या आपल्यालाच उत्तर द्यावे लागेल. अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे. कोयना अभयारण्य १९८५ चे, आणि २०१० साली कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्या हद्दीत हौसेची गाडी नेण्याचा विचारही नको. ज्या गावांना २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, तिथे त्या वनाचे रक्षण आणि व्यवस्थापन ग्रामसभेकडे आहे. तिचा शब्द वजनाचा आहे. गायरान असेल तर महसूल खाते आणि ग्रामपंचायत यांनी मिळून ठरवावे. आणि वाट कोणाच्या मालकीच्या रानातून जात असेल, तर त्या शेतकऱ्याची संमती हवी. 'वहिवाट आहे' म्हणून दहा गाड्या नेता येत नाहीत. वहिवाट शेतीच्या कामासाठी असते, शर्यतीसाठी नाही.

पैसा येतो, पण कुठे थांबतो?

आता पहिल्या मताकडे वळू. गावात पैसा येतो, हे खरे. पण हिशेब नीट मांडा. दहा गाड्यांचा ताफा डिझेल महामार्गावर भरतो, नाश्ता महामार्गावरच्या हॉटेलात करतो, पाण्याच्या बाटल्या आणि डबे शहरातून आणतो. गावात राहते काय? चाकोरी, प्लास्टिक आणि गढूळ झरा. त्या रविवारी आमचे चौदाशे रुपये गावात राहिले, ते वाटाड्या घेतला आणि जेवण गावात केले म्हणून. हे आपोआप होत नाही. नियमाने घडवून आणावे लागते.

कासचे उदाहरण घरचेच आहे. फुलांच्या हंगामात तिथे झुंबड उडू लागली, लोक फुलांवर बसून फोटो काढू लागले, तेव्हा वनखाते आणि आसपासच्या गावांच्या समित्यांनी मिळून प्रवेश शुल्क ठेवले, दिवसाच्या माणसांवर मर्यादा घातली, गाड्या पठारापासून बाजूला थांबवल्या आणि गावातल्या पोरांना देखरेखीचे काम दिले. तिथे सगळे आलबेल आहे असे नाही. गर्दीच्या रविवारी तक्रारी असतातच. पण बंदी आणि बेबंदी यांच्यामध्ये तिसरी वाट असते आणि गाव ती चालवू शकते, एवढे कासने दाखवले आहे.

ठरावात काय असावे?

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. ठराव लांबलचक नको. एवढे मुद्दे पुरेत:

१. मृग नक्षत्रापासून, म्हणजे ७ जूनच्या सुमारापासून, दसऱ्यापर्यंत कच्च्या वनवाटेवर हौसेच्या गाड्यांना पूर्ण बंदी. त्यानंतरही ओलीच्या जागा वाळेपर्यंत नाही.

२. वाफसा गावाने पाहायचा. मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा, कमरेइतक्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाट उघडी. तसाच राहिला तर बंद. ही परीक्षा प्रत्येक शेतकऱ्याला येते, तिला यंत्र लागत नाही.

३. एकच ठरलेली वाट, शक्यतो दगडी. तिच्या दोन्ही टोकांना चुन्याने खूण. सडा, देवराई, झऱ्याच्या वरचा भाग, चर आणि वृक्षलागवडीचे क्षेत्र पूर्ण वर्ज्य. चिखल चुकवायला बाजूने जायचे नाही. जमत नसेल तर माघारी फिरायचे.

४. एका दिवसाला गाड्यांची संख्या ठरलेली, आणि प्रत्येक ताफ्याबरोबर गावचा वाटाड्या. त्याची मजुरी गावाने ठरवावी, गाडीवाल्याच्या मर्जीवर सोडू नये.

५. झाडाला दोर बांधायचा तर रुंद पट्टा लावूनच. सालीचा पूर्ण वेढा सोलला की झाड वाळते. द्राक्षाला गर्डलिंग करणाऱ्या शेतकऱ्याला यातला धोका बरोबर कळेल. आपण तिथे बारीक आणि बेताची साल काढतो, इथे दोर हाडापर्यंत जातो.

६. ओढ्यात गाडी धुवायची नाही, पात्रातून उभी-आडवी फिरवायची नाही. ओलांडायची ती ठरलेल्या दगडी उतारावर, एकदाच.

७. फेब्रुवारीपासून वाळल्या गवतावर गाडी उभी करायची नाही. तापलेल्या सायलेन्सरने गवत पेटते. वणवा लागला तर एका संध्याकाळीत वर्षाची वैरण जाते.

८. जमा होणाऱ्या रकमेतला ठरावीक हिस्सा त्याच वाटेच्या दुरुस्तीला. वाटेवर आडवे, थोडे तिरके उंचवटे घाला, म्हणजे पाणी चाकोरीतून धावण्याआधी बाजूच्या गवतात वळेल. चढ जितका जास्त तितके ते जवळ जवळ. तीव्र उतारावर पंधरा-वीस मीटरवर एक धरा. दगड गावातलाच, काम गावातलेच.

वनखात्याच्या जमिनीचा संबंध येतो तिथे हा ठराव वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना पाठवून त्यांच्या संमतीनेच अंमलात आणायचा, हे ग्रामसेवकांनी विसरू नये.

आणखी एक सुचवतो. गाड्या घेऊन येणाऱ्यांची नावे, फोन नंबर आणि गाडीचा प्रकार एका वहीत लिहून घ्या. त्याचा दुहेरी उपयोग आहे. नियम मोडला तर माणूस सापडतो, हा एक. आणि अतिवृष्टीत रस्ता तुटला, बाळंतीण किंवा आजारी माणूस वर अडकला, तर चारही चाकांच्या ओढीची गाडी आणि ती चालवणारा तयार माणूस कुठे आहे हे गावाला माहीत असते, हा दुसरा. ज्याला तुमच्या डोंगरात मौज हवी, त्याने तुमच्या अडचणीला यावे, ही मागणी काही जगावेगळी नाही. माझ्या मित्रांनी त्याच दिवशी आबांच्या वहीत आपले नंबर लिहून दिले. विचारले तर बहुतेक लोक देतात. विचारणारा पाहिजे.

काही मंडळी म्हणतील, 'एवढा खटाटोप कोण करणार? शहरातले लोक ऐकतात होय?' मंडळी, गुरे राखायला आपण राखुळी ठेवतो, कालव्याच्या पाळ्या ठरवतो, यात्रेत वर्गणी गोळा करून हिशेब फळ्यावर लिहितो. जे गाव यात्रेचे नियोजन करू शकते, त्याला आठवड्यातून दोन दिवस एका वाटेवर एक जाणता माणूस बसवणे जड नाही. आणि पाहुणा ऐकत नाही ही तक्रार तेव्हाच करावी, जेव्हा आपण त्याला काहीतरी स्पष्ट सांगितलेले असते. आज बहुतेक गावांत वाटेच्या तोंडाशी साधी पाटीसुद्धा नाही. गाडीवाल्याला कुठे झरा आहे, कुठे चर आहे हे कळणार तरी कसे?

तेव्हा उशीर करू नका. २६ जानेवारीला ठराव, मार्चपर्यंत वनखात्याची संमती, १ मेच्या ग्रामसभेत वाटाड्यांची नावे आणि दर, मे अखेर वाटेवरचे उंचवटे पुरे. मृगाचा पहिला पाऊस पडेल तेव्हा वाटेच्या तोंडाला आडवा बांबू लागलेला असावा आणि त्यावर पाटी असावी: 'वाफसा नाही, वाट बंद'. एवढे चार शब्द आपल्या झऱ्याचे पाणी राखतील.